बाटलीच्या गळ्यातला दोरा

चौऱ्याहत्तर सालची, म्हणजे गेल्याच वर्षीची गोष्ट. लालासाब राजारामपुरीतल्या एका रक्तपेढीत कामाला होता. बाटलीतला लाल गाळ खाली बसला की वरचं पिवळं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, काढायचं आणि बर्फाच्या पेटीतून मुंबईला संशोधनाला धाडायचं, हे त्याचं काम. माणूस सरळ, पण तोंडाचा लई गोड. तेच त्याच्या अंगाशी आलं बघा.

गडमुडशिंगीच्या तानाबाईची एकामागून एक पाच लेकरं गेली होती. तिचंच रक्त त्यांना पोटात मारत होतं. मुंबईचे डॉक्टर असल्याच रक्तातून दुसऱ्या बायांची लेकरं वाचवणारी सुई बनवत होते, म्हणून तानाबाई आपण होऊन रक्त द्यायला यायची. पिवळी बाटली भरेपर्यंत बाकावर बसून राहायची आणि मग बाटलीच्या गळ्याला काळा दोरा बांधायची, तान्ह्या पोराला बांधतात तसा.

"माझ्या अंगातनं निघालंय की. दिष्ट लागंल त्याला."

ती गेली की लालासाब कात्रीनं दोरा कापून टाकायचा. पहिली बाटली मुंबईला पोचली ती तडकलेली. दुसरीचंही तेच.

तिसऱ्या वेळी मात्र त्याचा जीव टांगणीला लागला होता. त्याची लेक नजीरा पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, आणि रक्त तानाबाईच्याच गटाचं. बाळंत झाल्या झाल्या ती सुई मिळाली नाही, तर तिची पुढची लेकरं हातची जाणार होती. बाटली धड आली तर सुई पाठवतो, असं मुंबईहून कळवलं होतं.

"तानाबाई, तुमचं उपकार कसं फेडू?"

"मला काय करायचंय, भावा... एक जरी मांडीवर राहिलं असतं..."

"असं का म्हणताय? नजीराचं लेकरू तुमचंच समजा की!"

आपण सगळेच म्हणतो असं, उगाच, बोलायचं म्हणून. तानाबाईनं मात्र त्याच्याकडं रोखून बघितलं. "बोललास न्हवं?" एवढंच ती हळू म्हणाली.

त्या दिवशी त्याला दोरा कापायचा धीर झाला नाही. बाटली सुखरूप पोचली, सुई आली. त्याच आठवड्यात तानाबाई तापानं गेली.

पंधरा दिवसांनी नजीराला मुलगा झाला, सुईही वेळेत टोचली. भर दुपारी लालासाब हरखून वॉर्डात आला, तर बाळाच्या मनगटाला काळा दोरा. हात लावला, तर बर्फासारखा गार. आणि ओला.

"ह्यो... कुणी बांधला गं?"

"मावशी आलती न्हवं का, अब्बा. तुमच्या पेढीतली. 'माझंच हाय' म्हणाली, मांडीवर घेतलं. रडायचं थांबलं बघा..."

लालासाबनं खिशातली कात्री काढली, दोऱ्याला लावलीसुद्धा. आणि त्याला त्या दोन तडकलेल्या बाटल्या आठवल्या. या अल्ला! कात्री तशीच खिशात गेली.

त्याला आता वर्ष झालं. पोर गुटगुटीत आहे, मनगटाला वळ्या पडल्यात. दोरा कुणी सोडला नाही, बदलला नाही. तो अजून तेवढाच सैल आहे, आणि अजून ओला.