एकशे ऐंशीवरचा काटा

तो दारात आला तेव्हा मी उबवणीच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून बसले होते. अंडी कोमट लागत होती… आणि कोमट म्हणजे वाईट.

"विजेच्या दुकानातून पाठवलंय," तो म्हणाला. "तुमचे नेहमीचे मिस्त्री आजारी आहेत. आज माझ्यावर भागवा."

कानावर पेन्सिल, दोन्ही हातांत एकेक मीटर. दाराशीच पेटी, त्यामुळे मी वाट अडवून बसले होते.

"आत येऊ, की इथूनच दुरुस्त करू?"

मी सरकले. हसायचा दिवस नव्हता. आत्याने पहिल्यांदाच पेटी माझ्या हाती सोपवली होती. चार दिवसांत पिल्लं बाहेर यायची होती. नाही आली तर पेटी विकून टाकीन, असं तिने सांगून ठेवलं होतं, आणि आत्या बोललेलं करायची. पारा सकाळपासून उतरत होता.

"कॉइल गेलीय," मी म्हणाले. "नवी घाला."

"निदान तुम्हीच केलंत, औषधही तुम्हीच सांगताय. मला नाडी तरी बघू द्या."

त्याने मीटर जोडले, काटे स्थिर होईपर्यंत थांबला.

"एकशे ऐंशी व्होल्ट. करंट दीड अँपिअर. भागाकार येतो?"

"येतो."

"मग व्होल्टला अँपिअरने भागा."

"एकशे वीस."

"तो झाला कॉइलचा रोध, एकशे वीस ओहम. आता पेटीवरच्या पट्टीवरचे आकडे भागा."

पट्टीवर होतं — दोनशे चाळीस व्होल्ट, दोन अँपिअर. मी दोनदा भागून पाहिलं.

"एकशे वीसच येतंय."

"म्हणजे कॉइल ठणठणीत आहे. बिचारीवर उगाच आळ."

"मग ऊब कुठे गेली?"

"आता भागू नका, गुणा. व्होल्ट गुणिले अँपिअर."

पट्टीप्रमाणे चारशे ऐंशी वॅट. आत्ताचे… दोनशे सत्तर.  निम्म्याहून जेमतेम जास्त.

रस्त्यापलीकडच्या बर्फाच्या कारखान्यात नव्या मोटारी बसल्या होत्या. त्या सुरू झाल्या की आमच्या गल्लीतले दिवे मलूल व्हायचे, ते संध्याकाळी भोंगा होईपर्यंत. तोवर अंडी गार पडणार.

"एक करता येईल," तो हळूच म्हणाला, "पण जोखीम आहे."

बटण बंद करून त्याने मागची जाळी काढली आणि कॉइलवरचा चिमटा मागे सरकवला. तारेचा पाव भाग प्रवाहाबाहेर राहिला.

"उरले नव्वद ओहम. एकशे ऐंशी भागिले नव्वद?"

"दोन अँपिअर. आणि… तीनशे साठ वॅट." माझा श्वास जरा मोकळा झाला. "गोधड्या पांघरल्या की भागेल."

"भागेल. पण मोटारी थांबून व्होल्टेज पूर्ण आलं, तर?"

मी मनात हिशेब केला. करंट अडीचच्याही वर. सहाशे चाळीस वॅट.

"तार दोन अँपिअरचीच आहे," तो म्हणाला. "लाल होईल, तुटेल, त्याआधी अंडी उकडतील. कुणीतरी काट्याकडे बघत बसायला हवं."

"मी बसते."

"आणि डोळा लागला तर?"

"तुम्ही आहात की," मी बोलून गेले, आणि माझेच कान तापले.

आतून आत्या म्हणाली, "दोघांनी बघण्याएवढा मोठा आहे होय तो काटा?"

आम्ही बसलो. पारा रेघ-रेघ चढू लागला. मधे पेटी, पेटीवर मीटर, बटणापाशी माझा हात. तो काट्याकडे कमी आणि दुसरीकडेच जास्त बघत होता… मला ते न बघता कळत होतं.

"एक विचारू?" उन्हं कलताना तो म्हणाला.

"काट्याकडे बघून विचारा."

"तुमचं कुठे—"

काटा वर उडाला. त्या दिवशी भोंग्याआधीच मोटारी थांबल्या होत्या. मी बटण बंद केलं, त्याच क्षणी त्याचा हात माझ्या हातावर येऊन पडला. तापल्या तारेचा वास आला. दोघांनी श्वास धरला… तार शाबूत होती.

हात उचलायला त्याला जरा वेळच लागला.

मग त्याने चिमटा जागेवर नेला, बटण लावलं. दोनशे चाळीस, दोन अँपिअर. "उद्या दुकानातली पोरं आमच्या जनरेटरवरून तुम्हाला तार ओढून देतील," असं म्हणून तो मीटर आवरू लागला. म्हणजे पुन्हा येण्याचं काही कारणच उरत नव्हतं.

"काय विचारत होतात?"

दारात आत्या उभी होती. तो तिच्याकडे बघत म्हणाला, "विसरलो."

पुढचे दिवस मी अंडी दिव्यासमोर धरून बघत राहिले. सावल्या हलायच्या. माझं लक्ष मात्र दाराकडे.

चौथ्या दिवशी पेटीत टकटक सुरू झाली. पहिलं पिल्लू ओलं, धडपडत बाहेर आलं, मागून दुसरं. आत्याने वाकून पाहिलं, पेटीची किल्ली स्वतःच्या कमरेची सोडवून माझ्या हातात ठेवली आणि आत गेली.

मान वर केली तर तो दारात. कानावर पेन्सिल नाही, हातात मीटर नाही.

"आज व्होल्टेज पूर्ण आहे," मी म्हणाले.

"ठाऊक आहे. दुकानातल्या मीटरवर बघूनच निघालो."

"मग?"

"त्या दिवशीचं आठवलं…" तो घुटमळला. "आत येऊ, की इथूनच विचारू?"

 आतून आत्याचाच आवाज आला —

"आत घे गं त्याला, आणि दार लाव. ओल्या पिल्लांना वारा लागतोय."

मी सरकले.