काटा मधोमध

"झाकणाला हात लावू नका."

तिने मान वर केली. चढाच्या पायथ्याशी तिची जुनी गाडी वाफा ओकत उभी होती आणि ती हाताला रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडायला निघाली होती. समोर सायकलवरून उतरलेला एक तरुण. काळी बोटं, खिशाला अडकवलेला टेस्टर.

"का? झाकण तुमचं आहे?"

"झाकण तुमचंच. भाजेल तो चेहराही तुमचाच." तो जरा अडखळला. "आणि… तो भाजण्यासारखा नाही."

रागवावं की हसावं हे ठरण्याआधीच ती हसून बसली होती.

इंजिन निवेपर्यंत दोघं कठड्यावर बसले. तो कोपऱ्यावरच्या गॅरेजातला वायरमन. मालकासकट सगळे त्याला वायरमनच म्हणत. ती वडिलांच्या मागे त्यांचीच गाडी चालवायची. रोज सकाळी तीन शिक्षिकांना चढावरच्या शाळेत सोडायचं, संध्याकाळी खाली आणायचं. त्यावर तिचं आणि आईचं घर चाले. थोरला भाऊ दुसऱ्या गावी होता. 'गाडी विकून टाक आणि आईला घेऊन इकडे ये, वहिनीलाही हाताशी कुणी हवंय,' हे त्याचं पालुपद. शेवटी तिनं सांगितलं होतं, "दादा, गाडी चालतेय तोवर मी इथंच. बंद पडली की येईन."

"म्हणजे ही बंद पडली की तुम्ही जाणार?" वायरमननं विचारलं.

"जावं लागेल. शब्द दिलाय."

त्यानं गाडीकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "मग हिला बंद पडू देऊन चालायचं नाही."

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात आली. गाडीला तापमानाचा काटा नव्हताच, नुसता एक लाल दिवा. "हा दिवा लागतो तेव्हा घर जळून झालेलं असतं," तो म्हणाला. "आपण काट्याचा मीटर बसवू. तापायला लागली की आधीच कळेल."

ती आडव्या टायरवर बसून त्याला नट फिरवायचे पाने देत होती. मागितलेला एक, दिलेला भलताच.

"हा बाराचा आहे. मी दहाचा मागितला."

"दोन जास्तच दिले की. तक्रार कसली?"

त्यानं दिव्याचा जुना सेन्सर काढला. नवा त्याच भोकात बसवायचा होता. "आता दिवा लागणार नाही. काट्यावर विश्वास ठेवायचा."

"काट्यावर, का तुमच्यावर?"

त्याचे कान लाल झाले. त्याच गडबडीत सेन्सर आवळला आणि कडेनं कूलंटचा, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, एक थेंब ओघळला.

"अगंबाई… मालकांना सांगू? वायरमनचं काम गळतं म्हणून?"

तिनं थट्टाच केली होती. पण त्याला ती लागली. तिच्या गाडीत एक थेंबही गळायला नको. त्यानं सेन्सर पुन्हा काढला, नळाला लावतात ती पांढरी टेप आणली आणि सेन्सरच्या आट्यांवर चांगली जाड गुंडाळली. मग थेंब आला नाही.

इंजिन चालू करून दोघं पुढच्या सीटांवर बसले. काटा हळूहळू चढला आणि मधोमध, जिथं असायला हवा तिथं, येऊन थांबला.

त्या गॅरेजात एक रीत होती. काटा थांबला की खाली उतरायचं, इंजिनच्या वरच्या पाइपला हात लावायचा आणि हात सांगतो तेच काटा सांगतो का ते बघायचं. मालक कुणालाही त्यातून सोडत नसत. वायरमननं दाराच्या कडीला हात घातला.

"बसा की," ती म्हणाली. "एवढी कसली घाई?"

तो बसला.

"वर शाळेपाशी काय आहे?"

"वारा आहे. या की एकदा. मी चालवीन, तुम्ही नुसतं काट्याकडे बघा."

"काट्याकडेच?"

ती खिडकीबाहेर बघून हसू दाबू लागली. त्याचा हात कडीवरून कधी निसटला, त्याला कळलंही नाही.

पुढचे दिवस गुळासारखे गोड गेले. गॅरेजावरून जाताना ती गाडी सावकाश करी, काच खाली घेऊन म्हणे, "मधोमध." तो मान हलवी. तेवढ्यावर दोघांचा दिवस निघे.

मग एका तापलेल्या सकाळी, अर्ध्या चढावर, मागून एक बाई म्हणाल्या, "काहीतरी करपतंय गं."

तिनं काट्याकडे बघितलं. मधोमध. "काही नाही बाई, आपला काटा बरोबर आहे."

शेवटच्या वळणावर इंजिनात काहीतरी कडाडलं आणि गाडी जागच्या जागी मेली.

गाडी ओढून गॅरेजात आणल्यावर मालकांनी इंजिन उघडलं. आतलं सगळं वाकलेलं, चिरलेलं. मग त्यांनी सेन्सर काढला आणि वायरमनला हाक मारली.

"ही टेप कुणी लावली? एका वायरचा सेन्सर हा. विजेची परतीची वाट आट्यांतून जाते, लोखंडाला लोखंड भिडून. तू मधे गादी घातलीस. काटा कमीच दाखवणार." त्यांनी सेन्सर खाली ठेवला. "पाइपला हात लावला होतास?"

दारात उभी असलेली ती पुढं आली.

"मीच त्यांना बसवून ठेवलं होतं," ती म्हणाली.

मालकांनी दोघांकडे बघितलं, हात पुसले आणि न बोलता आत गेले.

"दादा उद्या न्यायला येतोय," ती म्हणाली.

"हं."

"हं काय? 'थांब' म्हणा. गाडी गेली तरी मी थांबेन. दादाला आणि आईला मी सांगेन काय सांगायचं ते."

"मागे तीन बाया बसल्या होत्या. त्या वळणावर…"

"काही झालं नाही ना?"

"त्या दिवशी मला उतरायचंच नव्हतं," तो खाली बघत म्हणाला. "तुमच्या शेजारी बसून जेवढं बरं वाटलं, तेवढं जन्मात कधी वाटलं नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच मी तुमचं घर मोडत होतो."

"म्हणजे… प्रेम आहे तर."

"आहे."

"आणि 'थांब' म्हणणार नाही."

"कुठल्या तोंडानं म्हणू?"

"याच. मला दुसरं चालायचं नाही."

त्यानं जवळचा पाना उचलला आणि पुसायला घेतला. तिनं वाट बघितली. पुढं वाट बघणं म्हणजे भीक मागणं होईल, तिथवर बघितली. मग ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तो सामान चढवायला आला. भावाच्या गाडीच्या टपावर त्यानं ट्रंका बांधल्या, प्रत्येक गाठ ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. आई भावाला म्हणाली, "किती जपून करतो रे हा मुलगा." ती मागच्या सीटवर बसली. त्यानं तिच्या बाजूचं दार लावलं. भावानं गाडी सुरू केली.

तेवढ्यात वायरमननं दार पुन्हा उघडलं.

तिनं झटकन वर बघितलं. दोघांमध्ये हातभर उघडं अंतर होतं. तिनं मांडीवरची पिशवी उचलूनही धरली… उतरायला.

त्यानं दार पुन्हा लावलं, या वेळी जोरानं, आणि तळव्यानं दाबून बघितलं.

"आता नीट लागलं," तो म्हणाला.