पायावरची चटई

"पोरी, उद्या पहाटे ती चटई डोक्यावर घेऊन आम्ही त्यांच्या दारात बसलो नाही, तर माझा एनेले वाचत नाही," मासिनाआजी म्हणाली.

तिचा नातू एनेले याच्या गाडीखाली शेजारच्या गावचा तरुण गेला होता. माफी मागायची तर घराण्यातली सर्वांत तलम चटई हवी, आणि तिच्याखाली मान घालून बसायला घराण्याचा प्रमुख; समोरच्यांनी ती चटई उचलली, की माफी मिळाली. चटई दुपारीच पेटीतून नाहीशी झाली होती.

राजधानी आपियाहून आलेली खासगी तपासनीस सिनालेई ऐकत होती. तिचा सोबती ताविता मात्र घराच्या प्रमुखाचं, आजीच्या धाकट्या भावाचं, सांध्याचं दुखणं ऐकून कळवळला.

"फातूंना गाउट? पायाचा अंगठा सुजला की काय होतं ते मला विचारा!"

"विचारायचं कशाला? गेल्या महिन्यात पंख्याचा वारा लागला तरी बोंबलत होतास," सिनालेई म्हणाली.

पेटीची किल्ली सून लुपेकडे असे. ती फटकन म्हणाली, "चटई द्यायची माझी इच्छा नव्हतीच. पण दुपारभर मी चर्चमध्ये होते. किल्ली खुंटीवर असते, सगळ्या घराला ठाऊक आहे." चर्चमधल्या बायकांनीही तेच सांगितलं.

फातू अंगणापलीकडच्या घरात जाड अंथरुणावर पाय पसरून बसला होता. पाहुणे दिसताच त्यानं एक खरबरीत चटई पायांवर ओढली आणि दोन्ही बाजूंनी घट्ट खोचली.

"माफ करा, तुमच्याकडे पाय केलेत. अंगठा नुसता पेटलाय. दोन दिवस जागचा हललो नाही."

"मग उद्या चटईखाली कोण बसणार?" सिनालेईनं विचारलं.

"देवाची इच्छा."

"बिचारा!" बाहेर येताच ताविता म्हणाला. "याला तरी वगळ."

सिनालेई मासिनाआजीला आणि त्याला घेऊन परत आत गेली.

"सूज आली की तिथल्या नसा हळव्या होतात, फातू. एरवी ज्या स्पर्शाची त्या दखलही घेत नाहीत, तोही त्यांना निखाऱ्यासारखा लागतो. या तावितानं महिनाभरापूर्वी अंगठ्यावर चादर येऊ दिली नव्हती. खरा दुखणेकरी माफी मागून पाय उघडाच ठेवतो. पाहुण्यांकडे पाय असले तर ते झाकायचे, हा रिवाज तुम्ही पाळलात, आणि तिथेच फसलात. ती खरबरीत चटई खोचताना तुमच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती."

फातूनं पायांवरची चटई आणखी घट्ट धरली.

"म्हणजे पाय धड आहेत; पेटीपर्यंत जाऊन येतात. आणि दुखणेकऱ्याला ऊठ कोण म्हणणार? मी म्हणते. उठा."

फातू उठला. अंथरुणाच्या तळाशी ती तलम चटई पसरलेली होती.

फातूनं बहिणीकडे पाहिलं. "ताई, ते सुरे घेऊन बसले असतील गं."

"असतील," मासिना म्हणाली. "म्हणून तर प्रमुख पुढे बसतो."

पहाटे चटईखाली फातू बसला, मागे सगळं घर. ऊन चढलं तरी समोरचं कुणी बाहेर येईना. अखेर मेलेल्या मुलाचा बाप आला. हातातला सुरा त्यानं पायरीवर ठेवला आणि वाकून चटईचं टोक उचललं.

ताविताचं लक्ष फातूच्या पायांकडे गेलं. खडीवर दुमडलेले, उघडे.