हौदात विरघळलेली चौथी

तेरा बायका, आणि एकीलाही डोकं नाही.

केतकीने ट्रे पुन्हा पाहिला. मुठीएवढ्या मातीच्या मूर्ती. रुंद कंबर, आखूड हात आणि मानेच्या जागी नुसतं गुळगुळीत टोक.

"डोकी तुटून पडली असतील," ती म्हणाली.

"तुटलेली कड खडबडीत असते, केतकीताई. इथे बोट फिरवलेलं दिसतंय. डोकी कधी नव्हतीच," मापाड्या म्हणाला. मापाड्या म्हणजे सहा हातांचा यंत्रमानव. उत्खननातली प्रत्येक वस्तू मोजणं हे त्याचं काम, आणि इतरांच्या चुका मोजणं ही त्याची आवड.

साल होतं २०६३. प्रवरेकाठच्या एका पांढरीवर (जुनी वस्ती उठून गेल्यावर उरलेलं राखमातीचं टेकाड) केतकीची आत्या, डॉ. मंदाकिनी, तीन हिवाळे खणत होती. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी इथे ताम्रपाषाणयुगातले (तांबं आणि दगड दोन्ही वापरण्याच्या काळातले) शेतकरी राहत. सुट्टीत आलेल्या केतकीला खापरं धुण्याचं काम मिळालं होतं. आत्याचा नियम तंबूच्या दारावरच लिहिलेला होता : 'ज्याच्या हातून वस्तू बिघडेल, त्याची त्याच दिवशी हकालपट्टी.'

केतकीने चौथ्या क्रमांकाची मूर्ती उचलली आणि खापरांबरोबर हौदात सोडली. ब्रश घेऊन वळेपर्यंत पाणी गढूळ झालं होतं. तिने हात घातला. बोटांना नुसता चिखल लागला.

"आत्या!"

आत्या धावत आली. तिने हौदातला चिखल बोटांवर घेऊन पाहिला. "मूर्ती वाजवून बघितलीस? भाजलेली असली तर खणखणते."

"नाही. इथली सगळी मडकी खणखणीत भाजलेली आहेत. मला वाटलं, ही पण…"

"ही कच्ची होती गं. नुसती उन्हात वाळवलेली." आत्या ओरडली नाही, तेच केतकीला जास्त लागलं. "संध्याकाळी पाचच्या गाडीने जायचंस. नियम माझ्या भाचीलाही आहे."

"तीन तास वीस मिनिटं," मापाड्याने भर घातली.

"तू गप रे!"

केतकी हौदाशी बसून राहिली. डोळे पुसताना तिला पाण्यावर काहीतरी काळं दिसलं. एक ठिपका. मग आणखी. तिने ते चाळणीवर अलगद घेतले.

"मापाड्या, हे काय आहे?"

त्याचा तिसरा डोळा पुढे सरकला. "जव. पाच दाणे. जळून कोळसा झालेले. कोळसा कुजत नाही, म्हणून टिकले. हलका असतो, म्हणून तरंगला."

"हौदात आधीपासून असतील?"

"पाणी सकाळी मीच गाळून भरलं. मी कचरा ठेवत नाही."

म्हणजे दाणे मूर्तीच्या पोटातले! केतकी ताडकन उठली आणि पुन्हा थबकली. मूर्ती भाजली असती, तर भट्टीत दाणेही जळले असते. पण मूर्ती तर कच्ची. मग दाणे जळले कुठे?

"आधीच भाजलेले होते," ती सावकाश म्हणाली. "हुरड्यासारखे! भाजून मग आत ठेवले. आत्या, इकडे ये ना!"

आत्याने चाळणी पाहिली. तिचा आवाज बदलला. "एका मूर्तीवरून काही ठरत नाही. योगायोग असेल. काय करशील?"

"बाकीच्या बारा बघू. न फोडता."

मापाड्याने छेदक (वस्तू न कापता तिच्या आतलं चित्र दाखवणारं यंत्र) सुरू केला. पहिलीच्या पोटात पोकळी, तिच्यात पाच दाणे. दुसरीत पाच. तिसरीत पाच. प्रत्येक चित्राला केतकी टाळी वाजवत होती. नववी आली. पोकळी होती, वरून लिंपलेली होती, पण आत काहीच नव्हतं.

"पुढच्या चौघींत पुन्हा पाच-पाच. नववी अपवाद. यादीतून काढतो," मापाड्या म्हणाला.

"थांब! त्या कुठे सापडल्या?"

"धान्याच्या कणगीखाली. जमीन तेरा वेळा सारवलेली. प्रत्येक थरात एक, आणि थराचाच क्रमांक तिला. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा."

"सुगीला कणगी सारवून नवं धान्य भरतात ना, आत्या? मग दर सुगीला एक बाई! नव्या पिकातले पाच दाणे भाजून तिच्या पोटात, आणि ती जमिनीखाली. ती मातीत परत जायची होती, म्हणून कच्ची. पोळ्याचे मातीचे बैल तरी आपण कुठे भाजतो?"

"पोळा हा पुरावा नव्हे," आत्या म्हणाली. "त्यावरून फक्त प्रश्न सुचतो. पुरावा म्हणजे संदर्भ : वस्तू कुठे होती, कशाबरोबर होती, किती वेळा तशीच होती. मापाड्या, प्रत्येक थरात भुसा किती?"

मापाड्याने आकडे दोनदा तपासले. एरवी त्याला एकदाच पुरत असे. "बारा थरांत भरपूर. नवव्यात जवळजवळ नाही."



"त्या वर्षी पिकलंच नाही," केतकी म्हणाली. "तरी त्यांनी तिला घडवलं. पोटात जागाही ठेवली."

"बहुतेक," आत्या म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "खेळणं असतं, तर दर थराला एकच आणि पाचच दाणे कशाला? हा विधी आहे, केतकी. तीन हिवाळे मी त्यांना नुसतं बाहेरून मोजत बसले!"

"मीही," मापाड्या खालच्या आवाजात म्हणाला. "नववी यादीत परत घेतली आहे."

पाचची गाडी टेकाडाखाली येऊन उभी राहिली. केतकीने पिशवी उचलली. आत्या नोंदवहीत लिहीत होती. तिने वही फिरवून पुढे सरकवली.

'मूर्ती क्रमांक चार. पाण्यात नष्ट. धुणारी : केतकी. आतले दाणे शोधणारी : केतकी.'

"नियम मोडला नाही हं मी," आत्या म्हणाली. "हौदावरून तुझी हकालपट्टी. उद्यापासून कणगीच्या खड्ड्यात, माझ्याशेजारी."

मापाड्या सहाही हात हलवत खाली धावला आणि गाडी परत पाठवून आला.

केतकीने पिशवी तिथेच टाकली आणि नववी मूर्ती उन्हात धरली. मानेचं टोक चमकलं. डोकं का नसेल, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं.

तिने बोटाच्या टोकाने हळूच मूर्ती वाजवली. टक्. कच्ची. मग तिने ती हौदापासून सर्वांत लांबच्या फळीवर नेऊन ठेवली.