चुन्याच्या रेघेपलीकडे

मालनताई शेवाळे पहिल्यांदाच मतदान केंद्रावर कर्मचारी म्हणून बसल्या होत्या आणि दुपारपर्यंत त्यांनी निम्म्या गल्लीतले नवरे बाहेर काढले होते.

काम सोपं होतं. शाई लावण्याआधी मतदाराचं बोट दडपणमापकावर टेकवायचं. बोटाचा घाम आणि नाडी वाचून ते डबीएवढं यंत्र सांगे, माणूस मोकळ्या मनाने आलाय की कुणाच्या धाकात. हिरवा दिवा लागला तर मत द्या. लाल लागला तर आसपासची माणसं एकेक करून शाळेबाहेरच्या चुन्याच्या रेघेपलीकडे पाठवायची, दिवा हिरवा होईपर्यंत. यंत्राला धाक कळे. कुणाचा, ते कळत नसे. म्हणून नव्या नियमाने गल्लीतलंच एक माणूस नेमलेलं.

"नुसतं घाबरणं आणि कुणाला तरी घाबरणं, यातला फरक कळतो या यंत्राला," केंद्राध्यक्ष तांबोळी सर प्रशिक्षणात म्हणाले होते.

"आमच्या ह्यांना जन्मभर कळला नाही," मालनताईंनी तिथेच सुनावलं होतं.

तीनच्या सुमारास मुलगा रणजित आणि सून हर्षदा आले. मालनताईंनी सकाळी घरात पोह्यांबरोबर चिन्हही वाढलं होतं, दर निवडणुकीसारखं. हर्षदाने बोट टेकवलं. दिवा लाल.

"रणजित, बाहेर हो."

"मी काय केलं, आई?"

"लग्न. चल, हो बाहेर."

दिवा लालच. मग पक्षाचा प्रतिनिधी बाळू खिलारे. "अहो, मी तर हिला वहिनी म्हणतो!"

"म्हणूनच."

तो गेला, दारातला शिपाईही गेला. दिवा ढिम्म.

तांबोळी सरांनी चष्मा पुसला. "ताई, आता उरलं कोण?"

"तुम्ही."

"मी परगावचा. सूनबाई मला ओळखतही नाहीत." ते हळूच म्हणाले, "सहाला केंद्र बंद होतं. दिवा लाल असेल तर यांचं मत बुडेल."

मालनताई सुनेकडे वळल्या. "हर्षदा, मी कधी बोलले का गं तुला काही?"

"नाही, आई," ती लगेच म्हणाली. दिवा आणखी लाल झाला.

मालनताईंनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि त्या भर उन्हात चालत निघाल्या. रेघेपलीकडच्या नवऱ्यांनी सरकून जागा केली. "या ताई, सावलीत या. आम्ही म्हणतच होतो, राहिलं कोण!"

थोड्या वेळाने हर्षदा बाहेर आली. बोटावर सरांनी वाकडीतिकडी लावलेली शाई होती. कुणाला मत दिलं, हे मालनताईंनी विचारलं नाही. फार जड गेलं ते.

संध्याकाळी ओट्यापाशी नेहमीचा प्रश्न आला. "आई, भाजी कुठली करू?"

वांगी, हे ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं. "तुला काय आवडतं?"

हर्षदाच्या हातातली सुरी थांबली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. ती बराच वेळ विचार करत राहिली.

"तुम्ही म्हणाल ते."

दाराशी काढलेल्या मालनताईंच्या चपलांना अजून चुना लागलेला होता. इथे ना दिवा, ना तांबोळी सर. घरातच धाक असेल तर रेघ मारायची तरी कुठून?