तुलनेच्या वाफ्यातली हिरवी रेघ

पहिल्याच भेटीत मी त्याला अनवाणी केलं!

पाण्याचा टँकर घेऊन तो निघाला होता भलतीकडेच. वाट चुकून आमच्या फाटकातून आत शिरला. बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याची ती जमीन, शिशानं आजारलेली, गवतालाही नकोशी झालेली.

"अहो, थांबा! बूट काढा आधी!"

"का हो? गालिचा अंथरलाय की काय?"

मग सांगावंच लागलं. डाव्या वाफ्यातल्या रोपांच्या मुळांशी मी बुरशी लावली होती. केसाहून बारीक, पांढरे धागे. ती झाडाला पाणी पोचवते, विष स्वतःपाशी अडवून धरते. झाड तिला साखर देतं. उजवा वाफा बुरशीवाचून, निव्वळ तुलनेसाठी. इकडची माती तिकडे गेली की माझा प्रयोग संपला, पदवीही गेली. म्हणून तर शेताच्या टोकाला बूट धुवायची टाकी ठेवली होती.

"म्हणजे डावीकडे संसार... आणि उजवीकडची बिचारी एकटी?"

"एकटीच राहायला हवीत."

"कठीण मन आहे तुमचं," तो म्हणाला, आणि उगाचच थोडा वेळ बघत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून टँकर आमच्याकडेच लागला. मी मान खाली घालून रोपं मोजत असायची. मान वर केली की टेबलावर वाफाळता चहा. तो कुठल्या वाटेनं घेऊन यायचा, कधी पाहिलंच नाही.

दोन वर्षं अशी गेली. आज दहाला बाई, माझ्या मार्गदर्शक, निकाल बघायला येणार होत्या. मी फोटो काढायला टेबलावर चढले आणि... उजव्या वाफ्यात, पिवळ्या खुरट्या रोपांमधून एक हिरवीगार रेघ! टँकरपासून थेट माझ्या टेबलापर्यंत. एक रोप खणून काढलं. मुळांवर पांढरे धागे.

तो कप घेऊन उभा होता.

"तू... या वाफ्यातून यायचास?"

त्याचा चेहरा उतरला. "बूट धुवायची टाकी पार त्या टोकाला. फिरून यायचं, तर चहा गार व्हायचा. मला वाटलं, बुटाला लागलेली डावीकडची एवढीशी माती काय करणार..."

"दोन वर्षं मातीत घातलीस माझी!"

"हिरवी तेवढी उपटून टाकू? कुणाला कळणार नाही."

मी एका रोपाला हात घातला. कोवळी पानं तळव्याला लागली. हात मागे घेतला.

"नको. खरं ते सांगायचं."

"मग मी सांगतो. चहाचं खोटंच आहे तसं," तो खाली बघत म्हणाला. "तुमच्याजवळ लवकर पोचायचं असायचं... एवढंच."

बाई आल्या. रेघेकडे बघतच राहिल्या.

"कुणी केलं हे?"

"मी," तो पुढे झाला.

"कशासाठी?"

त्यानं हातातल्या कपाकडे पाहिलं. आणि माझ्याच तोंडून, मला न विचारता —

"माझ्यासाठी, बाई. आम्ही लग्न करतोय. प्रयोग मी पुन्हा पहिल्यापासून करीन."

कप खाली पडला. बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं.

"हे कधी ठरलं?"

"मलाही," तो कसाबसा म्हणाला, "आत्ताच कळतंय, बाई."