झाईच्या चिकूवाडीतलं वाय-फाय

"हाच तो. घेऊन जा याला," अण्णा चुरी म्हणाले आणि वाडीत राबणाऱ्या प्रविणकडे न बघताच त्यांनी बोट दाखवलं.

हवालदार पुष्पा धोडी ओट्यावर चढल्या. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. छातीवरच्या पट्टीवर धोडी हे आदिवासी आडनाव वाचून अण्णांच्या कपाळाला आठी पडली होती.

"दुसरं कोणी नव्हतं का पाठवायला?"

"नव्हतं. बोला."

भानगड अशी होती. तीन आठवड्यांपूर्वी, शुक्रवारी दुपारी पावणेएकला, अण्णांच्या मुलीच्या, निधीच्या होणाऱ्या सासरी चिंचणीला एक निनावी ईमेल गेला. त्यात तिच्याबद्दल इतकं गलिच्छ लिहिलं होतं की ठरलेलं लग्न दोन दिवसांत मोडलं. ईमेलचा माग काढला तर तो निघाला खुद्द अण्णांच्या वाय-फायपाशी! त्या एका कनेक्शनवर चार फोन चालत: अण्णांचा, निधीचा, तिच्या भावाचा म्हणजे ओंकारचा, आणि प्रविणचा. बाहेरून चौघांचा पत्ता एकच दिसतो. त्यातला नेमका कोण, ते कागदावर कुठेच नव्हतं.

प्रविणची नुकतीच पोलीस भरतीत निवड झाली होती. नावावर गुन्हा लागला की ती नोकरी गेलीच म्हणून समजा.

"गड्याला वाय-फाय कशाला दिलंत?" पुष्पांनी विचारलं.

"व्यापाऱ्याला मालाचे फोटो पाठवावे लागतात. पण घरातलं नाही दिलं. मशीन माडीवर ओंकारच्या खोलीत आहे, ते घराबाहेर पोचत नाही. म्हणून वायर ओढून शेडमध्ये दुसरं बसवलं. गडी आमच्याकडे पायरी चढत नाहीत."

"त्या दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"मी आणि निधी तलाठ्याकडे. लग्न झालं की समुद्राकडची वाडी तिच्या नावावर करायची होती, त्याचे कागद बघायला. ते दोनपर्यंत चाललं. घरात आम्ही तिघंच, चौथं माणूस नाही."

डोक्यावर पंखा गरगरत होता. ओंकार दाराला टेकून फोन चाळत होता.

"आणि तुम्ही?"

"शेडमध्ये. बारा ते दोन माल भरत होतो. तो प्रविण माझ्यासमोर बसून मोबाइलवर टाइप करत होता."

"शेडच्या वाय-फायवर?"

"मग काय! मी पण त्याच्यावरच स्कोर बघत होतो."

"नक्की?"

"लिहून देतो."

"द्या."

ओंकारने ऐटीत जबाबावर सही ठोकली.

पुष्पा शेडमध्ये गेल्या. प्रविण रिकाम्या क्रेटवर बसला होता. त्याचा एक गाल सुजला होता.

"कोणी मारलं?"

"ओंकारशेठनी."

पत्र्याखाली जीव उकडून निघत होता. "पंखा लाव आधी."

"लाइट नाही मॅडम. शुक्रवार ना आज! नऊ ते चार लाइनचं काम असतं. दर शुक्रवारी."

"घरातली इन्व्हर्टरची वायर इकडे नाही?"

"इकडे कशाला देतील?"

"त्या दिवशी तू कुठे होतास?"

"झाडाखाली झोपलेलो. पण बघितलं कोणी नाही," प्रविण रडवेला होऊन म्हणाला.

पुष्पांनी लाइनमनला फोन लावला. दोनच प्रश्न विचारले आणि सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"ईमेल गेला त्या शुक्रवारी नऊ ते चार वीज बंद होती," त्या म्हणाल्या. "म्हणजे शेडमधलं मशीनही बंद. त्या वेळी वाय-फाय फक्त घरात होतं, इन्व्हर्टरवर. प्रविण घरात येत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. अण्णा आणि निधी तलाठ्याकडे. राहिलं कोण?"

ओंकार हसला. "मी शेडमध्ये होतो. सही केलीय."

"केलीत ना! बंद पडलेल्या वाय-फायवर तुम्ही स्कोर कसा बघितलात, तेवढं सांगा."

ओंकारने हातातला फोन खिशात सरकवला.

"तुमच्या डोक्यावरचा पंखा कधी थांबत नाही. बाकीच्यांचा शुक्रवार कसा जातो, ते तुम्हाला ठाऊकच नाही. शेडमध्ये असतात तर घामाने तरी कळलं असतं. लग्न मोडलं की वाडी बहिणीच्या नावावर होणार नाही, एवढा एकच हिशोब तुम्ही केलात. गड्यावर ढकललं की पुढचं कोण विचारतंय!"

"ती वाडी माझी आहे!" ओंकार किंचाळला. "परक्या घरी जाणाऱ्या पोरीला कशाला?"

अण्णा पुष्पांच्या जवळ आले. खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मी तक्रार मागे घेतो. घरातली गोष्ट आहे."

"प्रविणवर होती तेव्हा नव्हती वाटतं घरातली?"

निधी पुढे आली. लग्न मोडल्यापासून ती खोलीबाहेर पडली नव्हती. "तक्रार माझ्या नावाने लिहा," ती म्हणाली. "बदनामी माझी झालीय, अण्णांची नाही."

"निधी, आपण आत बोलू," ओंकार म्हणाला.

"तू बोललास की चिंचणीला. पुरे झालं."

पुष्पा लिहू लागल्या. अण्णांना कोणाकडे बघावं ते सुचेना, म्हणून ते प्रविणवर खेकसले, "तू काय उभा राहिलास? जा, गाडी भर."

"ओंकारशेठना सांगा," प्रविण म्हणाला. "सोमवारी मला पोलिसात हजर व्हायचंय."